उंबरझिऱ्याची काथवट

अमरसिंग बारेलाला जंगलखात्यातून काढलं ते चोरीच्या आरोपावरून. चोरलं काय, तर एक काथवट. भाकरीचं पीठ मळतात तसली लाकडी काथवट, एका कडेला तडकलेली आणि वर्षानुवर्षांच्या चिखलानं काळी पडलेली. त्या काळात सातपुड्यातून सागाचे ओंडके भरून ट्रक खाली उतरत होते आणि त्यांचा चोर कुणाला सापडत नव्हता. सापडला तो अमरसिंग. म्हणून ही हकिगत सांगायची.

रावेरच्या उत्तरेला केळीचे मळे संपले की जमीन चढू लागते. अंजन आणि सालई सुरू होतात, पुढे सागाचं दाट रान लागतं. त्या रानाच्या तोंडाशी सागपाडा होता. बारेला लोकांची वीस-बावीस घरं. पावसावर पिकेल तेवढी ज्वारी, मोहाची फुलं, डिंक, चारोळी आणि हंगामात मळ्यांवरची मजुरी, एवढ्यावर पाडा जगायचा. पाड्याच्या वर, मैलभर चढून गेलं की एका घळीत जुनं उंबराचं झाड आणि त्याच्या मुळाशी खडकातून पाझरणारा झिरा. वैशाखात वरच्या रानात सात-आठ मैलांत पाणी म्हणून तेवढंच.

त्या पाण्याची वाटणी झालेली होती. कुणी केली, कधी केली, कुणाला ठाऊक नव्हतं. घळीच्या पश्चिमेला एक टेकडी होती, तिला पाडा 'बैलाची पाठ' म्हणायचा. दिवस कलला की त्या पाठीची सावली घळीत उतरे आणि सरकत सरकत उंबराच्या मुळाला टेके. सावली टेकली की माणसानं उठायचं. घागर अर्धी भरली असेल तर अर्धीच डोक्यावर घ्यायची. तेव्हापासून दिवस उगवेपर्यंत पाणी जनावरांचं, मग पुन्हा माणसांचं. अमरसिंगच्या लग्नात पाहुणे दुप्पट आले आणि उन्हं कलता कलता घागरी उपड्या झाल्या, तोवर सावली मुळाला टेकून गेली होती. वऱ्हाड कोरड्या घशानं बसून राहिलं. नवरदेवही तसाच बसला. झिऱ्यावर जाऊ असं एकाच्याही तोंडून निघालं नाही.

आणि तो झिरा आपोआप वाहत नव्हता, हे इथंच सांगून ठेवतो, कारण पुढे ज्यांना हे कळायला हवं होतं त्यांना ते कधीच कळलं नाही. दर पावसाळ्यात घळीतून माती आणि पाला वाहून यायचा आणि झिऱ्याचं तोंड बुजायचं. होळीनंतर तिसऱ्या दिवशी सगळा पाडा झिऱ्यात उतरे आणि कमरेइतका गाळ उपसून टाकी. उपसायचा तो काथवटीनं. कुदळ-फावडं लावायचं नाही, कारण लोखंडाच्या घावानं खडकाची फट फुटली तर पाणी दुसरी वाट धरतं. काथवट एकच होती आणि ती दर वर्षी घर बदलायची. ज्याच्या घरी काथवट त्याची पाळी. त्यानं लोकांना बोलवायचं, पहिला गाळ त्यानं काढायचा, मग बाकीच्यांनी हात लावायचा. दुसऱ्याच्या पाळीला हात लावणं म्हणजे तो माणूस मेला असं समजणं. पाळी पुरी व्हायच्या आधी खरोखर कुणी मेलं तरच त्याची काथवट उचलून पुढच्या घरी नेत.

एकोणसत्तर साली हे रान अभयारण्य झालं. रस्त्यावर पिवळ्या रंगाचा फलक लागला, त्यावर सांबराचं चित्र. खाली विश्रामगृह होतं, तिथं नवे साहेब आले. जीप आली. अमरसिंग चौथीपर्यंत शिकलेला, रान पायाखालचं, म्हणून त्याला पहारेकरी नेमलं आणि खाकी सदरा दिला. जनावरं वाचवायची आहेत, शिकार बंद व्हायची आहे, असं साहेबांनी सांगितलं तेव्हा तो मनापासून खूश झाला. भुसावळ-जळगावकडचे शौकीन बंदुका घेऊन यायचे आणि सांबराच्या माद्याही सोडायचे नाहीत, हे त्यानं लहानपणापासून पाहिलं होतं. कुणीतरी एकदाचं त्यांना अडवणार होतं.

अडवायचं होतं ते पाड्याला, हे त्याला दुसऱ्या महिन्यात कळलं.

हुकूम आला की झिऱ्यावर स्थानिक लोकांना येऊ द्यायचं नाही, जनावरं बुजतात. पाड्याच्या बायकांनी नदीवर जावं. नदी दोन कोस. त्या हुकुमाची अंमलबजावणी अमरसिंगनं करायची. पहिल्या दिवशी भरदुपारी सहा-सात बायका घागरी घेऊन घळीत आल्या, सगळ्यांच्या पुढे त्याची बायको रेशमा. तो वाटेत उभा राहिला आणि मान खाली घालून हुकूम सांगितला.

रेशमानं त्याच्या सदऱ्याकडे पाहिलं. "तू आम्हना शे का सरकारना?"

तो वाटेतून हलला नाही. बायका वळल्या. त्या दिवसापासून रेशमा नदीवरून पाणी आणू लागली आणि त्याच्या वाटणीचा तांब्या त्याच्यापुढे न बोलता आपटू लागली. हुकुमाचा राग तो गिळायचा. माझ्या मते त्यानं गिळायला नको होता. पण घरात पहिल्यांदाच बारमाही काम आलं होतं आणि साहेब शिकलेले होते, त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळत असणार, असं त्याला वाटायचं. शिकलेल्या माणसाबद्दल असा भाबडा विश्वास फक्त चौथी शिकलेल्या माणसालाच असतो.

पुढच्या फाल्गुनात पाड्यानं एक गोष्ट केली, जी फक्त सागपाड्यालाच सुचावी. त्या वर्षी काथवट जमनाअक्काच्या घरी होती. जमनाअक्का म्हणजे अमरसिंगची थोरली आत्या, साठीची, पाड्यात तिचा शब्द शेवटचा. तिनं विचार केला की झिरा जर सरकारचा झाला असेल, तर त्याची पाळीही सरकारची. होळीच्या दुसऱ्या दिवशी पाड्यातली दहा-बारा माणसं काथवट धुऊन, तिला हळदकुंकू लावून, वर नारळ ठेवून विश्रामगृहावर गेली.

"सायेब, झिरा आते तुम्हना शे," जमनाअक्का म्हणाली. "पाळी बी तुम्हनी."

साहेब फार खूश झाले. त्यांनी दोन्ही हातांनी काथवट घेतली, कपाळाला लावली, सगळ्यांना चहा दिला. आदिवासी किती भोळे असतात यावर पाहुण्यांशी दोन शब्द बोलले. पाडा समाधानानं परतला, कारण साहेबांनी पाळी दोन्ही हातांनी घेतली होती. आणि साहेबांनी ती काथवट दिवाणखान्याच्या भिंतीवर खिळा ठोकून टांगली, गव्याच्या शिंगांच्या शेजारी. अमरसिंग दाराशी उभा होता. त्याला काहीतरी चुकतंय असं वाटलं, पण साहेब तिसऱ्या दिवशी सांगतील, गडी बोलावतील, असं त्यानं मनाला समजावलं.

तिसरा दिवस आला आणि गेला. त्यानं साहेबांना आठवण करून दिली. साहेब म्हणाले, "अरे, तो नैसर्गिक झरा आहे. निसर्गात आपण ढवळाढवळ करायची नसते."

ढवळाढवळ करायची नाही म्हणणाऱ्या याच माणसानं त्याच उन्हाळ्यात झिऱ्यापासून वीस पावलांवर सिमेंटचा बाक बांधला. पाहुण्यांना संध्याकाळी तिथं बसून जनावरं पाहता यावीत म्हणून. जीप भरभरून पाहुणे यायचे. ते ट्रान्झिस्टर लावायचे, संत्री सोलायचे, कुणी हौसेनं झिऱ्यात उतरून साबण लावून अंघोळही करायचे. सावली उंबराच्या मुळाला टेकून जायची आणि ते तिथंच. मग अंधार पडला की जनावरं दिसत नाहीत म्हणून अमरसिंगवर चिडायचे. रेशमाला भरदुपारी एक घागर भरू द्यायची नाही, आणि यांच्या पायांचा साबण सांबरांनी प्यायचा. हा कायदा जनावरांसाठी केला होता म्हणे.

एक पावसाळा गेला, दुसरा फाल्गुन आला. तेव्हाही कुणी उतरलं नाही. एकाहत्तरच्या चैत्रात झिऱ्याची धार करंगळीएवढी झाली आणि वैशाख लागता लागता नुसता ओला चिखल उरला. बुजलेल्या तोंडाच्या आत पाणी होतं, अमरसिंगला ते कान लावला की ऐकू यायचं. जनावरं खाली उतरली. नीलगाईंनी केळीचे मळे तुडवले, मळेवाल्यांनी फासे लावले. आणि एका सकाळी जीवराम पाटलाच्या मळ्यातून निरोप आला की विहिरीत सांबर पडलंय. अमरसिंग धावत गेला. विहीर बांधीव नव्हती, कडेची माती ढासळली होती. खाली मादी तरंगत होती आणि तिच्या शेजारी तिचं पाडस. रात्रभर पोहून पोहून खडकावर खूर घासल्याच्या खुणा होत्या. दोघांना दोरानं वर काढलं तेव्हा पाडसाचं अंग अजून कोमट होतं.

तो तिथून थेट जमनाअक्काकडे गेला. खाकी सदरा सांबराच्या अंगच्या पाण्यानं भिजलेला.

"अक्का, झिरा उकरा. मी कोन्हाले अडवत नही."

जमनाअक्का मोहाची फुलं निवडत होती. तिनं मान हलवली. "पाळी सायेबनी शे. आम्हीन कसाले हात लावूत?"

"सायेबले काही समजत नही."

"मंग त्यानी दोन्ही हातवरी काथवट कसाले लिधी?"

तिचं चूक होतं असं मला म्हणवत नाही. ती शब्दाला जागणारी बाई होती आणि समोरच्यालाही तसंच धरून चालली होती. अमरसिंग साहेबांकडे गेला. हात जोडून सांगितलं की साहेबांनी फक्त एकदा झिऱ्यात उतरून एक काथवट गाळ काढावा, बाकी सगळं पाडा करील, एका दिवसात पाणी येईल. साहेब हसले. शनिवारी जळगावचे मोठे पाहुणे येणार आहेत, म्हणाले, तोवर चार टाक्या पाणी ट्रॅक्टरनं नेऊन खड्ड्यात ओत, म्हणजे जनावरं दिसतील. विहिरीतल्या सांबराचं त्यानं सांगितलं, तर साहेबांनी मळेवाल्यावर केस करायला सांगितली. जीवराम पाटलावर, ज्यानं निरोप धाडला होता.

तिथं अमरसिंगच्या डोक्यात सणक गेली. दुसऱ्या दिवशी शनिवार. सकाळीच, खानसामा तोताराम समोर भाजी चिरत असताना, तो दिवाणखान्यात गेला, खुर्चीवर चढला आणि काथवट खाली काढली. तोतारामनं विचारलं, कुठे नेतोस. तो म्हणाला, जिथली आहे तिथं.

पाड्यात त्यानं ती जमनाअक्कापुढे ठेवली. माणसं जमली.

"सायेबनी दिन्ही का?" जमनाअक्कानं विचारलं.

हो म्हटलं असतं तर सगळं तिथंच सोपं झालं असतं. पण अक्काशी तो आजवर खोटं बोलला नव्हता. "नही. मी काढी लयनू."

"चोरीनी काथवट लिधी तं पाळी येत नही."

अमरसिंग उन्हात उभा राहून त्या काळ्या लाकडाकडे पाहत राहिला. त्याच्या डोळ्यांपुढे ते कोमट पाडस आलं. मग तो सावकाश म्हणाला, "सायेब मरी गया अस समजा."

जमनाअक्कानं त्याच्या सदऱ्याकडे पाहिलं. हा सदरा घालून असं बोलणाऱ्याचं काय होणार हे तिला कळत होतं. मग ती उठली आणि पाड्याला सांगितलं, अंघोळी करा. मेलेल्याच्या नावानं करतात तशी अंघोळ सगळ्यांनी केली. नदीवरून आणलेल्या, मोजून वापरायच्या पाण्यातला एकेक तांब्या प्रत्येकानं डोक्यावर घेतला. जिवंत, धडधाकट, जीपमधून फिरणारा माणूस सागपाड्यानं त्या सकाळी रीतसर मारून टाकला. पुढचं घर अमरसिंगचं होतं. म्हणून काथवट त्याच्या हातात आली.

पहिला गाळ त्यानं काढला. मग वीस घरं तुटून पडली. रेशमा त्याच्या शेजारी चिखलात उतरली आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्याच्याशी नीट बोलली, एवढंच म्हणाली की कडेनं उपस, मधला दगड हलवू नको. उन्हं कलायच्या आधी खडकाच्या फटीतून पाणी निघालं. आधी गढूळ, मग लाल, मग स्वच्छ.

पाडा उतरून गेला आणि जीप आली. साहेबांबरोबर जळगावचे जवरीलाल शेठ, डाळमिलवाले, आणि त्यांच्या आई धनकुंवरबाई. म्हातारी सत्तरीची, हातात स्वतःचं गाळलेलं पाणी भरलेला पितळी लोटा. बाकावर सतरंजी अंथरली. साहेबांनी भरलेला झिरा पाहिला आणि पाहुण्यांना सांगितलं की खात्यानं केलेल्या संरक्षणामुळे हे पाणी भर वैशाखातही टिकून आहे.

अमरसिंग कोपरापर्यंत चिखलानं माखलेला, दहा हातांवर उभा होता. त्यानं हे ऐकलं. अंगाचा तिळपापड झाला, पण त्याची नजर सावलीवर होती. बैलाची पाठ काळवंडली, सावली खडकावरून आली आणि उंबराच्या मुळाला टेकली.

"आता उठा," तो म्हणाला.

"काय?" साहेब म्हणाले.

"सावली टेकली. आता पाणी जनावरांचं आहे. तुम्ही बसलात तर ती येणार नाहीत. कित्येक दिवस इथं प्यायली नाहीत ती."

साहेबांचा चेहरा लाल झाला. "जनावरं पाहायलाच आलोत आम्ही. तू कुणाचा नोकर आहेस, ठाऊक आहे ना?"

"उठा," अमरसिंग पुन्हा म्हणाला.

शेठ गोंधळून साहेबांकडे पाहू लागले. म्हातारीनं मात्र अमरसिंगला विचारलं, "सावली टेकली म्हणजे काय, भाऊ?" त्यानं सांगितलं. सांगायला चार वाक्यं पुरली. म्हातारीनं टेकडीकडे पाहिलं, हातातला लोटा कलता करून उरलेलं पाणी उंबराच्या मुळाशी ओतलं.

"दिवस मावळल्यावर मीही पाण्याला तोंड लावत नाही," ती म्हणाली. "लहानपणापासून नेम आहे. जवरी, मला हात दे."

शेठनी हात दिला. उठता उठता तिनं साहेबांना विचारलं, "या झिऱ्याचा गाळ तुम्ही कधी काढता, साहेब? आज काढलेला दिसतो." चिखलाचा ओला ढीग बाकाच्या मागेच होता. साहेबांनी सतरंजी उचलायला सांगितलं. सगळे जीपकडे गेले. अमरसिंग त्यांच्या मागून शेवटचा निघाला, नेहमीसारखा. घळीच्या तोंडाशी पोचला तेव्हा मागे सुक्या पाल्यावर खूर वाजले. त्यानं वळून पाहिलं नाही. वळून पाहायचं नसतं.

सोमवारी त्याला बोलावलं. एक वरचे अधिकारी चौकशीला आले होते, शेजारच्या खुर्चीत साहेब. टेबलावर काथवट. ती पाड्यावरून जप्त करून आणली होती. तोतारामची साक्ष झाली. मग अधिकाऱ्यांनी विचारलं, सरकारी वस्तू परवानगीशिवाय का उचलली.

"परवानगी ज्याची घ्यायची तो मेला होता," अमरसिंग म्हणाला.

"कोण मेला होता?"

त्यानं साहेबांकडे बोट दाखवलं. लिहिणाऱ्या कारकुनाचा टाक थांबला. वरिष्ठांनी ते उद्धटपणात धरलं आणि खाकी सदरा तिथल्या तिथं उतरवून घेतला. काथवट पुन्हा भिंतीवर गेली, शिंगांच्या शेजारी. जिच्यामुळे झिरा जगला तिला खिळा, आणि ज्यानं तो जगवला त्याला चोर हे नाव. मला हे लिहितानाही राग येतो आणि तो आवरावा असं वाटत नाही.

अमरसिंग उघड्या अंगानं घरी आला. रेशमानं त्याच्यापुढे तांब्या ठेवला, या वेळी आपटला नाही.

पुढच्या वर्षी होळीनंतर तिसऱ्या दिवशी काथवट पुढच्या घरी गेलीच नव्हती म्हणून पाळी अजून अमरसिंगचीच होती, पण हातात काथवट नव्हती. रेशमानं चुलीजवळची आपली काथवट उचलून त्याच्या हातात दिली. त्या दिवसापासून ती पीठ थाळीत मळू लागली. पाडा घळीत शिरला, फलक ओलांडून, सगळ्यांच्या देखत. दुपारी साहेब जीप घेऊन आले, बरोबर दोन शिपाई. साहेब काठावर उभे राहून ओरडले. कायदा सांगितला, कलमं सांगितली, एकेकाला आत टाकीन म्हणाले. काथवट या हातातून त्या हातात जात राहिली. साहेब वाटेत आले तेव्हा जमनाअक्कानं वाटेतल्या दगडाला घालावा तसा त्यांना वळसा घातला. कुणी उलटून बोललं नाही, कुणी हात जोडले नाहीत, कुणी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. शिपाई एकमेकांकडे पाहत राहिले.

मग सावली उंबराच्या मुळाला टेकली. पाड्यानं काथवट धुतली आणि सगळे उठून चालू लागले. साहेबांनी अमरसिंगला नावानं हाक मारली, दोनदा मारली. तो त्यांच्या अंगावरून पुढे गेला. मेलेल्या माणसाला सागपाड्यात ओ देत नाहीत.